अवशेषाची पूर्व बाजू अंधारी का? एका क्ष-किरण विश्लेषणाचा प्रकरण अभ्यास

आपल्या दीर्घिकेच्या प्रतलातल्या एका सुपरनोव्हा अवशेषाच्या विश्लेषणाची ही हकिकत आहे. अवशेषाचे नाव, गटाची ओळख आणि त्यांनी काढलेले नेमके आकडे मुद्दाम गाळले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. प्रतलातल्या अवशेषाच्या क्ष-किरण चित्रात स्फोटाइतकाच शेजारच्या वायूचाही हात असतो, आणि तो वायू मोजल्याशिवाय स्फोटाविषयी विधान करणे धोक्याचे आहे.

पार्श्वभूमी

ताऱ्याचा स्फोट झाला की आघाततरंग बाहेर धावतो आणि वाटेतला वायू तापवतो. सेकंदाला हजार किलोमीटर वेगाच्या तरंगामागे तापमान एक कोटी अंशांच्या वर जाते. इतका तापलेला वायू क्ष-किरणांत चमकतो. ही चमक घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता दुप्पट झाली की प्रकाश चौपट. म्हणून तरंगाने जिथे वायू दाबून गोळा केलेला असतो तो काठ उजळ आणि मध्य फिका, असे कड्यासारखे चित्र सहसा अपेक्षित असते.

या प्रकरणातला अवशेष तसा नव्हता. रेडिओत त्याचे कडे जवळजवळ पूर्ण दिसत होते, पण क्ष-किरणांत काठ फिका आणि मध्य भरलेला. असे अवशेष पुष्कळ आहेत. १९९८ मध्ये त्यांना ‘मिश्ररूप’ अवशेषांचा वेगळा वर्ग म्हणून मांडले गेले. डब्ल्यू ४४, डब्ल्यू २८, आयसी ४४३ ही त्यातली ठळक नावे. यांतले बहुतेक अवशेष रेण्वीय मेघांना (रेणूरूप वायूच्या थंड, दाट ढगांना) खेटून असतात. मेघ आणि भरलेला मध्य यांचा संबंध कसा लावायचा यावर १९९१ पासून एक कल्पना चर्चेत आहे. आघाततरंग मेघाच्या छोट्या गोळ्यांना ओलांडून पुढे जातो, गोळे आतच शिल्लक राहतात, आणि भोवतालच्या तप्त वायूत हळूहळू बाष्पीभूत होऊन मध्याची घनता वाढवतात. घनता वाढली की चमक वाढते.

मेघाचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही, आणि या प्रकरणाची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. आघाततरंग मेघात शिरला की त्याचा वेग घटतो, तो घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने. मेघ शंभरपट दाट असेल तर वेग एक दशांश उरतो. तापमान वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ते एक शतांशावर येते. बाहेर एक कोटी अंश असतील तर मेघात लाखभर. लाख अंशांचा वायू अतिनील आणि दृश्य प्रकाशात दिसेल, पुढे निवत अवरक्तातही दिसेल, पण क्ष-किरण दुर्बिणीला तो जवळजवळ नसल्यातच जमा. म्हणजे भोवतालचा वायू थोडा दाट असेल तर अवशेष उजळतो, आणि फार दाट असेल तर तीच जागा अंधारी होते.

शिवाय मेघ अवशेषाच्या आणि आपल्या मध्ये असेल तर तो क्ष-किरण गिळतो. हे गिळणे ऊर्जेनुसार फार वेगळे असते. दर चौरस सेंटीमीटरला १०²² हायड्रोजन अणू एवढी स्तंभघनता वाटेत असेल तर १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांपैकी दहा टक्क्यांहून कमीच पलीकडून इकडे पोचतात. २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला साधारण दोन तृतीयांश येतात, आणि ४ ला जवळपास सगळे. (ही एकके पुढे केईव्ही म्हणूनच लिहितो.) प्रत्यक्ष गिळतात ते मुख्यतः ऑक्सिजन, निऑन, लोह असे जड अणू, पण हिशेब हायड्रोजनच्या संख्येत मांडायची पद्धत आहे.

समस्या

गटात एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती, तिचे मार्गदर्शक होते आणि शेजारच्या विभागातल्या एक रेडिओ खगोलशास्त्रज्ञ अधूनमधून बैठकीला येत. निरीक्षणे नवी नव्हती. क्ष-किरण उपग्रहाच्या सार्वजनिक संग्रहातून सीसीडी कॅमेऱ्याची नोंद उतरवून घेतलेली होती.

विद्यार्थिनीने तीन ऊर्जापट्ट्यांचे रंगीत चित्र बनवले. ०.५ ते १.२ केईव्ही लाल, १.२ ते २ हिरवा, २ ते ५ निळा. पश्चिम अर्धा लालसर पिवळा आला आणि पूर्व अर्ध्यात लाल रंग नावालाही नव्हता. मग तिने दोन्ही अर्ध्यांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचे आलेख, वेगळे काढले आणि त्यांना एकाच तापमानाच्या प्लाझ्माचे (इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूचे) प्रतिमान बसवले. स्तंभघनता मात्र दोन्हीकडे एकच धरली. अवशेष एक, अंतर एक, म्हणून मधला वायूही एक, असा विचार त्यामागे होता. निकाल असा आला की पूर्वेचा वायू जास्त तप्त आहे, तिथे निऑन आणि मॅग्नेशियम कमी आहे, आणि सिलिकॉन व गंधक जास्त.

यातून एक आकर्षक कथा तयार झाली. स्फोट एकांगी झाला आणि ताऱ्याच्या आतल्या थरांतले द्रव्य पूर्वेकडे जास्त फेकले गेले. ही कथा हास्यास्पद अजिबात नव्हती. कॅसिओपिया ए या अवशेषात स्फोटाची असममिती खरोखर दिसते, आणि अशा मोजमापांना महत्त्व आहे. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला, शीर्षकातही एकांगी स्फोट आला.

दोन गोष्टी मात्र बसत नव्हत्या. पहिली रेडिओवाल्या मॅडमनी चित्र पाहताच बोलून दाखवली. लाल रंग जिथे संपतो तो काठ अगदी धारदार होता आणि अवशेषाच्या आकाराशी त्याचा काहीच मेळ नव्हता. स्फोटातून उडालेले द्रव्य हजारो वर्षे पसरत, मिसळत आलेले असते. ते इतक्या काटेकोर रेषेवर कसे थांबेल?

दुसरी गोष्ट वर्णपटातच होती. पूर्वेच्या वर्णपटात २.७ केईव्हीच्या जवळ प्रतिमानाच्या वर एक फुगवटा उरत होता. दुर्बिणीच्या आरशांवर सोन्याचा मुलामा असल्याने २.२ केईव्हीच्या आसपास मापांकनात थोडी खोट राहते, हे सगळ्यांना माहीत असते. हा फुगवटाही त्याच खात्यात टाकला गेला होता. पण २.२ म्हणजे २.७ नव्हे, आणि पश्चिमेच्या वर्णपटात तो जवळजवळ नव्हता. आरसे तर दोन्हीकडे तेच होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मसुदा आहे तसाच पाठवण्याचा. प्रतिमान ठीक बसले होते, सांख्यिकीही वाईट नव्हती.

दुसरा पर्याय पूर्वेची स्तंभघनता मोकळी सोडून पुन्हा जुळणी करण्याचा. हे तासाभराचे काम, पण त्यात एक सापळा आहे आणि मार्गदर्शकांनी तो बरोबर ओळखला. स्तंभघनता आणि तापमान एकमेकांची जागा घेऊ शकतात. भरपूर थंड प्लाझ्मा जाड मेघाआड लपवला तर जो वर्णपट दिसतो, तसाच थोडा तप्त प्लाझ्मा पातळ मेघाआड ठेवूनही मिळतो. सीसीडीच्या विभेदनाला (जवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याच्या क्षमतेला) यांतला फरक दर वेळी कळत नाही. दोन्ही आकडे मोकळे सोडले की संगणक काहीतरी उत्तर देतोच. त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा प्रश्न तसाच उरतो.

तिसरा पर्याय वायूची बाहेरून, क्ष-किरणांशी संबंध नसलेली साक्ष आणण्याचा. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि उदासीन हायड्रोजन यांच्या रेडिओ नकाशांवरून मेघ किती, कुठे आणि पुढे की मागे हे आधी ठरवायचे आणि मगच वर्णपटाकडे परतायचे. यात काही महिने जाणार हे उघड होते.

क्ष-किरणांचा स्रोतच वेगळा असण्याची शक्यताही बैठकीत निघाली. आरएक्स जे१७१३.७-३९४६ या अवशेषात क्ष-किरण तप्त वायूचे नसून चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे (सिंक्रोट्रॉन) प्रारण आहेत, आणि तिथे दाट गोळ्यांच्या भोवती चमक वाढते, कारण आघाततरंग गोळ्यांवर आदळून खळबळ माजते आणि चुंबकीय क्षेत्र बळावते. पण त्या अवशेषाच्या वर्णपटावर औष्णिक रेषा जेमतेम दिसतात. इथे सिलिकॉन आणि गंधकाच्या रेषा ठळक होत्या. ती शक्यता लवकरच बाजूला पडली.

तिसरा पर्याय निवडला गेला. विद्यार्थिनीला तो सहज पटला नव्हता. तिचा मसुदा तयार होता आणि छात्रवृत्तीची मुदत जवळ येत होती. “सर, सगळ्या प्रतलात कुठे ना कुठे मेघ असतोच. प्रत्येक अवशेषाला हे करायचे का?” असे तिने विचारले. माझ्या मते याचे उत्तर होय असेच आहे, आणि प्रश्न रास्त असूनही ते बदलत नाही.

काय केले

कार्बन मोनॉक्साइडचे सार्वजनिक सर्वेक्षण होते. त्याची तीव्रता आणि रेण्वीय हायड्रोजन यांतले प्रचलित गुणोत्तर वापरून स्तंभघनता काढता येते. तीव्रता ५० केल्विन-किलोमीटर प्रतिसेकंद असेल तर रेण्वीय हायड्रोजन साधारण १०²² आणि अणूंच्या हिशेबात त्याच्या दुप्पट. इथेच पहिला खरा निर्णयाचा क्षण आला. प्रतलात एकाच दिशेला कितीतरी मेघ वेगवेगळ्या वेगांनी ओळीत उभे असतात. सगळ्यांची बेरीज करणे सोपे, पण चुकीचे. अवशेषाच्या मागचा मेघ काहीच गिळत नाही. तो मोजला तर पूर्वेची स्तंभघनता नसती फुगते.

पुढे-मागे ठरवायला उदासीन हायड्रोजनचा उपयोग झाला. अवशेष स्वतः रेडिओत चमकतो. त्या चमकेपुढे हायड्रोजन असेल तर त्याच्या वेगावर शोषणाची खाच पडते, मागे असेल तर पडत नाही. ही तपासणी केल्यावर पूर्वेकडे दोन वेगवेगळे मेघ निघाले. एकाची रेषा अरुंद, शांत मेघाची असते तशी. त्याच्या वेगावर शोषणाची खाच स्पष्ट होती, आणि त्याचा काठ रंगीत चित्रातल्या धारदार रेषेवर जवळजवळ तंतोतंत बसला. हा मेघ अवशेषाच्या पुष्कळ अलीकडचा. तो पडद्यासारखा मध्ये आला होता, बाकी अवशेषाशी त्याचा संबंध नव्हता.

दुसरा मेघ पूर्वेच्या रेडिओ काठाला लागून होता आणि त्याच्या रेषेला एका बाजूला रुंद पंख होते, शांत मेघाच्या काही किलोमीटर प्रतिसेकंदापेक्षा कितीतरी जास्त पसरलेले. आघाताने ढवळलेल्या वायूची ही ओळख. त्याच ठिकाणी हायड्रॉक्सिल रेणूच्या १७२० मेगाहर्ट्झ मेसरचा (रेडिओतल्या लेसरसारख्या स्रोताचा) एक ठिपका आधीच्या यादीत नोंदलेला सापडला. हा मेसर पेटायला रेणूंची टक्कर, घनसेंटीमीटरला लाखाच्या घरातली घनता आणि थोडीच ऊब लागते. अवशेष मेघाला भिडल्याचा इतका नि:संदिग्ध पुरावा दुसरा क्वचितच मिळतो. या ठिपक्याची नोंद गटातल्या कुणीही त्याआधी शोधली नव्हती.

दुसरा निर्णय वर्णपटाच्या क्षेत्रांचा. आधीची क्षेत्रे क्ष-किरणांच्या उजेडावरून आखलेली होती. आता ती वायूच्या नकाशावरून आखायची ठरली: पडद्यामागचा भाग, भिडलेल्या मेघालगतची पट्टी आणि मोकळा पश्चिम भाग. आणखी बारीक तुकडे करावेत असे विद्यार्थिनीला वाटत होते, पण पट्टीतल्या फोटॉनांची संख्या तितकी नव्हती. तीनवर थांबणे शहाणपणाचे ठरले.

तिसरा निर्णय पार्श्वभूमी वजा करण्याचा. दिसायला किरकोळ, पण माझ्या अनुभवात प्रतलातली सर्वाधिक विश्लेषणे इथेच घसरतात. दीर्घिकेच्या प्रतलातून स्वतःचेच विखुरलेले क्ष-किरण येत असतात. त्यांचा काही भाग मेघाच्या पलीकडून येतो आणि मेघ तोही गिळतो. आधीच्या विश्लेषणात पार्श्वभूमी पश्चिमेच्या बाहेरच्या मोकळ्या आकाशातून घेतली होती. ती पूर्वेच्या मेघाआडच्या वर्णपटातून वजा केली की कमी ऊर्जेला गरजेपेक्षा जास्त वजाबाकी होते. निऑन आणि मॅग्नेशियम कमी असल्याचा भास काही अंशी इथूनच आला होता. नव्या वेळी पार्श्वभूमी वजा न करता तिचेच प्रतिमान बनवले आणि त्यावर प्रत्येक ठिकाणची स्तंभघनता लावली.

मग फुगवट्याकडे लक्ष गेले. सिलिकॉनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन उरला असेल तर तो काढायला २.६७ केईव्ही लागतात. उलट बाजूने, सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनने मोकळा इलेक्ट्रॉन पकडला तर २.६७ अधिक त्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा, इतक्या ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. म्हणून वर्णपटात २.६७ ला एकदम पायरी चढते आणि पुढे शेपूट उतरत जाते. गंधकाची अशीच पायरी ३.४९ ला. फुगवटा नेमका या आकाराचा होता, आणि ३.४९ ला त्याचे फिके भावंडही होते. म्हणजे अणू जितके उघडे पडले होते तितके आताच्या इलेक्ट्रॉन तापमानाला पडायला नको होते. इलेक्ट्रॉन पूर्वी जास्त तप्त होते, मग झपाट्याने निवले, आणि अणूंना सावरायला वेळ मिळाला नाही. हा वेळ घनतेवर ठरतो. घनसेंटीमीटरला एक इलेक्ट्रॉन असेल तर साधारण तीस हजार वर्षे.

अशा ‘पुनर्संयोगी’ प्लाझ्माची स्पष्ट पायरी सुझाकू उपग्रहाने २००९ मध्ये आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४९बी या दोन अवशेषांत दाखवली. इलेक्ट्रॉन निवण्याची दोन कारणे मांडली जातात. एक, मेघाशी संपर्क येऊन उष्णतावहनाने. दोन, ताऱ्याने आधी सोडलेल्या दाट वायूतून आघाततरंग एकदम विरळ जागेत फुटला की प्रसरणाने. फरक ओळखायचा तर इलेक्ट्रॉन तापमान कुठे कमी आहे ते पाहायचे. मेघालगत कमी असेल तर वहन, विरळ बाजूला कमी असेल तर प्रसरण. आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ मध्ये ते मेघालगत कमी आढळले आहे. डब्ल्यू ४९बी वर मात्र दोन्ही बाजूंनी निबंध निघाले आहेत.

निष्पत्ती

पडद्यामागच्या भागाची स्तंभघनता रेडिओवरून आली तेवढी धरून जुळणी केल्यावर तिथले तापमान पश्चिमेइतकेच निघाले. सिलिकॉन आणि गंधकाचे जादा प्रमाण त्रुटीच्या मर्यादेत विरून गेले. रंगीत चित्रातला ठळक फरक बहुतांशी अलीकडच्या, अवशेषाशी नाते नसलेल्या मेघामुळे होता. एकांगी स्फोटाचा दावा मागे घेतला गेला.

भिडलेल्या मेघालगतच्या पट्टीत मात्र खरा फरक उरला. तिथे इलेक्ट्रॉन तापमान तिन्ही भागांत सर्वांत कमी होते आणि सिलिकॉनची पायरी सर्वांत उंच. मेघाने अवशेषाला निववले असे म्हणायला हे पुरेसे बळ देणारे होते. मसुदा नव्याने लिहिला गेला आणि त्याचा विषय स्फोटाकडून परिसराकडे वळला. मार्गदर्शकांना वहन ‘सिद्ध’ लिहायचे होते. मॅडमनी आडवी हरकत घेतली: चुंबकीय रेषा मेघाला गुंडाळून असतील तर त्यांना ओलांडून वहन फार होत नाही, आणि या मेघाच्या क्षेत्राची दिशा कुणी मोजलेली नाही. शेवटी ‘वहनाला प्राधान्य’ असे लिहिले गेले. मला ही शब्दयोजना पूर्ण योग्य वाटते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय पहिल्याच दिवशी हाताशी होता. २ ते ५ केईव्हीचे चित्र एकटे, इतर रंगांशिवाय पाहिले असते तर पूर्व-पश्चिम फरक तिथे फारसा नाही हे डोळ्यांना दिसले असते. फरक फक्त कमी ऊर्जेला असणे ही मध्ये आलेल्या मेघाची खूण आहे. द्रव्याची असममिती असती तर गंधकाच्या रेषा याच ऊर्जापट्टीत येत असल्याने ती तिथेही उठून दिसली असती. तीन रंग एकत्र केल्यावर हे झाकले जाते.

कृत्रिम वर्णपटांची चाचणीही आधी व्हायला हवी होती. एकसारखा प्लाझ्मा घ्यायचा, अर्ध्यावर जादा स्तंभघनता लावायची, आणि मग ती एकच आहे असे धरून जुळणी करायची. असे केले असते तर पूर्वेचे ‘जास्त तापमान’ आणि ‘कमी निऑन’ जसेच्या तसे उगवले असते. गटाने हे केले, पण निकाल बदलल्यानंतर, खात्रीसाठी.

रेडिओ नकाशे शेवटी न आणता निरीक्षणे उतरवतानाच आणावेत, हे मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. मेसरच्या याद्या आणि कार्बन मोनॉक्साइडची सर्वेक्षणे सार्वजनिक आहेत. पहिली पाहणी एका दुपारीही होते. महिने लागतात ते पुढे-मागे ठरवायला, आणि ते काम क्ष-किरण विश्लेषणाच्या बरोबरीने चालू शकते.

एका मुद्द्यावर माझे गटाशी मत जुळत नाही. त्यांनी स्तंभघनता रेडिओच्या आकड्यावर पक्की केली. कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजन काढायचे गुणोत्तर जागोजागी बदलते, आणि ज्या वायूत हा रेणू टिकतच नाही तो हिशेबातून सुटतो. मी तो आकडा एका वाजवी मर्यादेत मोकळा ठेवला असता आणि मेघालगतच्या पट्टीच्या तापमानातला फरक त्या सगळ्या मर्यादेत टिकतो का ते दाखवले असते. तो टिकेल असे मला वाटते, पण वाचकाला ते निबंधातच दिसायला हवे होते.

पुढची पायरी एक्सरिझम उपग्रहाची आहे. २०२३ मध्ये गेलेल्या या उपग्रहातला उष्णतामापक (प्रत्येक किरणाने दिलेल्या उष्णतेवरून त्याची ऊर्जा मोजणारे उपकरण) ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे विभेदन देतो. सीसीडीला जिथे फुगवटा दिसतो तिथे याला रेषा आणि पायरी वेगळी दिसते. त्याच्या समोरची झडप न उघडल्याने साधारण १.७ केईव्हीच्या खालचे किरण आत येत नाहीत, पण २.६७ आणि ३.४९ या दोन्ही पायऱ्या त्याच्या टप्प्यात आहेत, आणि अलीकडचा मेघ त्या ऊर्जांना फारसा आड येत नाही. दृष्टिक्षेत्र मात्र जेमतेम ३ कलामिनिटांचे आहे, त्यामुळे अख्खा अवशेष एका निरीक्षणात मावणार नाही. गटाने ठरवलेला प्रस्ताव दोन जागांचा आहे. एक मेसरच्या ठिपक्याशेजारची पट्टी आणि दुसरी तितक्याच उजेडाची, पण मेघापासून दूरची पश्चिमेची जागा. दोन्ही ठिकाणांची निवड कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशावर बोट ठेवून झाली.